सॅटचे १३९० गुण पाठवू की झाकून ठेवू?

*मॅडम, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सांगलीत बारावी सायन्स, रोज एसटीने येऊन-जाऊन. दहावीला ९६.४० टक्के. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे. मला शेतीशी जोडलेलं इंजिनिअरिंग अमेरिकेत शिकायचंय, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच. ऑगस्टमध्ये पुण्याला जाऊन सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची प्रवेश परीक्षा, दिली. १३९० आले, गणितात ७६० आणि इंग्रजीत ६३०. २०२६ च्या प्रवेशासाठी आठ विद्यापीठं काढली आहेत. परड्यू आणि कॉर्नेलला गुण लागतातच. एक कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिस आहे. बाकी पाच ठिकाणी गुण देणं ‘ऐच्छिक’ लिहिलंय. पुण्यातले एक सल्लागार म्हणाले, १५०० च्या खाली असतील तर दाखवूच नको, उलट नुकसान होईल. पप्पा म्हणतात, एवढा खर्च केला, आलेत ते पाठव. आतेभाऊ म्हणतो, डिसेंबरला परत दे. पण फेब्रुवारीत बोर्ड आहे. आणि खरं सांगू का, गुण लपवणं मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. काय करू?*

*— एक विद्यार्थिनी, तासगाव तालुका*

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या शंकेपासून सुरू करते. ती मनात सलत राहिली तर बाकीचं मी काहीही लिहिलं तरी तुला पटायचं नाही. ज्या विद्यापीठाने ‘गुण द्या किंवा देऊ नका, मर्जी तुमची’ असं स्वतःहून सांगितलंय, तिथे ते न देण्यात खोटं काहीच नाही. अर्जात सरळ विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलंस, किंवा १३९० चे १४९० केलेस, तर ते खोटं. प्रवेश घेताना विद्यापीठ अधिकृत गुण मागवून ताळा करतं आणि तफावत निघाली तर मिळालेला प्रवेश काढून घेतं. तू तसं करणारी नाहीस हे पत्रातच दिसतंय. तेव्हा ही बोचणी काढून टाक. आता राहिला हिशोब: कुठे गुण दिल्याने तुझा अर्ज भक्कम होतो आणि कुठे होत नाही.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको. ‘१५०० च्या खाली दाखवूच नको’ हा सल्ला तुझ्यापुरता चुकीचा आहे. पाचपैकी चार ठिकाणी तू गुण पाठवावेस. एका ठिकाणी नको. का, ते नीट सांगते, कारण तुला हे घरी पप्पांनाही समजावून द्यायचंय.

आपल्याकडे परीक्षा म्हटली की कटऑफ. अकरावीची यादी किती टक्क्यांना बंद झाली, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला वालचंद कॉलेजचं कॉम्प्युटर किती पर्सेंटाइलला गेलं, हेच ऐकत तू मोठी झालीस. मीही तीस वर्षं वर्गात तेच बोलत आले. एका आकड्याच्या वर असलं की आत, खाली असलं की बाहेर. सल्लागारांचं ‘१५०० च्या खाली नको’ हे त्याच सवयीतून आलेलं आहे. तुझ्या यादीतल्या विद्यापीठांत मात्र अशी रेघ मारलेली नसते. तिथे फाइल माणसं वाचतात. नववी ते बारावीचे गुण, शिक्षकांची पत्रं, निबंध, घर-गाव-शाळा, आणि दिली असेल तर सॅट, असं सगळं एकत्र ठेवून वाचतात.

आता त्या वाचणाऱ्या माणसाच्या खुर्चीत जरा बसून बघ. त्याच्या पुढ्यात भारतातल्या अर्जांचा ढीग आहे. कुणी सीबीएसईचा, कुणी आयसीएसईचा, कुणी कुठल्या राज्य मंडळाचा. बहुतेकांना नव्वदच्या पुढे. त्यात तुझे ९६.४०. आपल्याला ठाऊक आहे की दहावीला पाच विषयांचा बेस्ट ऑफ फाइव्ह धरतात, चित्रकलेच्या ग्रेडचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळतात, आणि कुणाकुणाला शंभर टक्केही पडतात. त्याला यातलं काय कळणार? तुझे ९६.४० स्वतःच्या कष्टाचे की सवलतीचे, तुझ्या वर्गात पहिले की पंधरावे, हे त्याला आकड्यावरून उमगत नाही. सॅट मात्र त्याला उमगते. शिकागोच्या मुलाने दिली तीच परीक्षा तू पुण्यात बसून दिलीस. तुझे ७६० म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तू गुण काढून घेतलेस तर त्याच्या हातात राहतात फक्त राज्य मंडळाचे टक्के, आणि ते त्याला अर्धेमुर्धेच वाचता येतात. म्हणून मी म्हणते, तुझ्यासारख्या मुलीला सॅटचा जेवढा उपयोग आहे तेवढा पुण्या-मुंबईच्या इंटरनॅशनल शाळेतल्या मुलाला नाही. त्याची शाळा त्या माणसाच्या ओळखीची असते. तुझी नसते.

हे ‘ऐच्छिक’ प्रकरण आलं कुठून तेही जाणून घे, कारण आतेभाऊ, सल्लागार आणि इंटरनेट यांच्याकडे अर्धी माहिती जुनी आहे. गुणांची सक्ती न करणारी कॉलेजं पूर्वीही होती. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने ती १९६९ मध्येच काढली. पण लाट आली २०२० मध्ये. करोनामुळे परीक्षा केंद्रंच बंद पडली, तेव्हा जवळपास सगळ्यांनी सक्ती उठवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याच वर्षी सॅट टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं आणि पुढे गुण पाहायचंच थांबवलं. मग वारं फिरलं. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये सक्ती परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक अशी रांगच लागली. कॉर्नेलचं तर बघ: करोनानंतर त्यांच्या कृषी महाविद्यालयात गुण दिले तरी पाहत नव्हते, आणि आता २०२६ च्या प्रवेशापासून ते सक्तीचे झाले. दोन वर्षांपूर्वी खरी असलेली गोष्ट आज तुला बुडवू शकते. तेव्हा आठही ठिकाणचा नियम ज्या-त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर, २०२६ च्या प्रवेशासाठीचा आहे हे बघून, वहीत तारखेसकट उतरवून घे. दुसऱ्या कुणी केलेल्या यादीवर विसंबू नको.

यातला डार्टमथचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्ती परत आणताना त्यांनी आपल्याच प्राध्यापकांनी केलेला अभ्यास पुढे ठेवला. त्यात आढळलं ते असं: साध्या घरांतली, कमी सोयींच्या शाळांतली मुलं १४०० च्या आसपासचे गुण ‘कमी आहेत’ म्हणून पाठवत नव्हती. प्रत्यक्षात त्या शाळांच्या मानाने ते गुण इतके चांगले होते की पाठवले असते तर त्यांना फायदा झाला असता. ज्या मुलांना उपयोग व्हायचा, नेमकी तीच मुलं लाजून मागे राहत होती.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याआधी दोन वर्षं मिरजेचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. १४२० होते. मी विद्यापीठांचे आकडे काढले, त्याचे गुण त्या आकड्यांच्या खाली दिसले, आणि मी त्याला सांगितलं, नको पाठवू. पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही नकार. नकाराचं कारण कुणी कळवत नाही, त्यामुळे त्या एका गोष्टीनेच झालं असं मी म्हणू शकत नाही. पण त्याच्या कॉलेजातून सॅट देणारा तो पहिला होता आणि माझ्या सांगण्यावरून ही गोष्ट फाइलमध्ये कुठेच आली नाही, एवढं खरं. आता तो पुण्यात शिकतोय, चांगलं चाललंय. तरी तुझं पत्र वाचताना तो आठवला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डार्टमथचा तो अभ्यास म्हणजे तुझ्यासाठी हमीपत्र नव्हे. तू परदेशी विद्यार्थिनी आहेस आणि तुला पैशांची मदत हवी आहे. अशा अर्जांत स्पर्धा कितीतरी कडक असते. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तरी प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होऊ न देणारी विद्यापीठं तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणखी दोन-चार. बाकी ठिकाणी ‘हिला घेतलं तर खर्च किती’ हाही प्रश्न टेबलावर असतो. तिथे वाचणाऱ्याला खात्री द्यावी लागते की ही मुलगी पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस आणि फिजिक्समध्ये गटांगळ्या खाणार नाही. तुझे ७६० नेमकी ती खात्री देतात. मदत हवी असणाऱ्याने गुण लपवण्याआधी म्हणूनच दोनदा विचार करावा.

आणि शिष्यवृत्तीचं पान वेगळं वाच. प्रवेशाला गुण ऐच्छिक, पण गुणवत्ता शिष्यवृत्तीला मात्र हवेतच, अशी विद्यापीठं आहेत. प्रवेशाचं पान वाचून निर्धास्त झालेली मुलं इथे हमखास चुकतात. पाचही ठिकाणी हे तपास. जिथे शिष्यवृत्तीसाठी गुण लागतात तिथे तुझ्यापुरता तो ‘ऐच्छिक’ शब्द पुसून टाक. पैशाशिवाय तुला जायचंच नाही.

आता प्रत्येक ठिकाणचा निर्णय कसा करायचा ते सांगते. विद्यापीठाच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं लिहून शोध. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी हे लांबलचक कोष्टक जाहीर करतात. त्यात सी-९ नावाचा भाग काढ. तिथे दोन गोष्टी असतात: प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती टक्क्यांनी सॅटचे गुण दिले, आणि त्यांच्या गुणांचा मधला पट्टा, म्हणजे खालची पाव आणि वरची पाव मुलं सोडून उरलेली निम्मी मुलं कुठून कुठपर्यंत आहेत. गणिताचा पट्टा वेगळा दिलेला असतो, तोही बघ. त्याच्या थोडं वर सी-७ मध्ये त्यांना कुठली गोष्ट किती महत्त्वाची वाटते तेही छापलेलं असतं.

हा पट्टा वाचताना बहुतेक लोक फसतात. समजा एका ठिकाणी पट्टा १३८० ते १५२० आहे आणि गुण देणारे फक्त चाळीस टक्के. मग हा पट्टा सगळ्या वर्गाचा नाही, दाखवण्याजोगे गुण होते म्हणून ज्यांनी दाखवले त्यांचा आहे. उरलेल्या साठ टक्क्यांचे गुण यात धरले असते तर तो खाली सरकला असता. तेव्हा पट्टा दिसतो त्याहून थोडा खालचा समज. जिथे नव्वद टक्के मुलं गुण देतात तिथला पट्टा बराचसा खरा असतो. आणि अशा ठिकाणी न देणाराच वेगळा उठून दिसतो.

तुझ्या यादीतल्या पाच ऐच्छिक ठिकाणांची नावं इथे छापत नाही, पण तुझ्या वहीसाठी माझा हिशोब असा आहे. त्यातल्या तीन ठिकाणी १३९० पट्ट्याच्या आतच बसतात. तिथे विचारच करू नको, पाठव. चौथ्या ठिकाणी एकूण गुण पट्ट्याच्या किंचित खाली आहेत, पण गणिताचे ७६० आत आहेत, आणि तुला इंजिनिअरिंगला जायचंय. तिथेही पाठव. मराठी शाळेतून आलेल्या मुलीचे इंग्रजीचे ६३० वाचताना, बाकीची फाइल नीट लिहिली असेल तर, तो माणूस नाक मुरडणार नाही. पाचवं ठिकाण फार वरचं आहे. एकूणही खाली, गणितही पट्ट्याच्या तळाशी, आणि परदेशी विद्यार्थ्यांना मदत अगदी थोडी. तिथे मी गुण पाठवणार नाही. खरं तर तिथे अर्ज तरी करायचा का, हेच आधी ठरव. त्या अर्जाच्या फीमध्ये दुसरं काही होईल.

उरलेल्या तिघांचं पटकन. परड्यू आणि कॉर्नेलला पर्यायच नाही. परड्यूच्या लवकरच्या फेरीची तारीख १ नोव्हेंबर आहे आणि शिष्यवृत्तीचा विचार त्याच फेरीतून होतो, म्हणून दिवाळीत फराळाच्या गडबडीतही तो अर्ज आधी संपव. कॉर्नेल कठीण आहे. तिथले मधले गुण १५०० च्या वरचे असतात. मन लागलंय तर कर, पण घर त्याच्यावर बांधू नको. डेव्हिस द्राक्षाच्या अभ्यासासाठी जगात नावाजलेलं आहे, तू ते का घेतलंस ते मला समजतं. तिथे सॅटचा प्रश्नच नाही, पाठवलेस तरी प्रवेशासाठी बघत नाहीत. प्रश्न पैशाचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात परदेशी पदवी विद्यार्थ्यांना आर्थिक गरज पाहून मदत मिळत नाही आणि वर्षाचा सगळा खर्च पाऊण लाख डॉलरच्या वर जातो. हा आकडा रुपयांत करून आजच पप्पांसमोर ठेव. बागेच्या जीवावर एवढं कर्ज काढू नका. अवकाळीचं एक वर्ष आलं तर काय होतं हे तुमच्या घराला मी सांगायला नको.

पप्पांबद्दल अजून एक. ते म्हणतात ‘खर्च केला, पाठव’. निर्णय त्यांचा बरोबर आहे, कारण बरोबर नाही. खर्च झाला तो झाला. पण त्यांना हे समजावून देणं तुला सोपं आहे. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, आधी ते काड्या डोळे (काडीवरचे अंकुर) तपासणीला देत असतील. प्रयोगशाळेत डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, घड कितव्या डोळ्यात आहे ते सांगतात, आणि त्यावरून काडी कुठे कापायची ते ठरतं. तपासणीचा अहवाल काही बागेला नापास करत नाही. शेजाऱ्याच्या बागेचा अहवाल घेऊन कुणी आपली काडीही कापत नाही. तुझे १३९० पप्पांना या भाषेत सांग, त्यांना एका मिनिटात कळेल.

डिसेंबरचं काय? ६ डिसेंबरची परीक्षा द्यायची की नाही, हे मी एका अटीवर सोडते. तुझे गणिताचे ७६० जागेवर आहेत. पुष्कळ विद्यापीठं वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतले प्रत्येक भागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, म्हणजे तुला गणिताला हातही लावायचा नाही. काम फक्त इंग्रजीचं. सॅटच्याच ब्लूबुक अॅपवर पूर्ण सराव परीक्षा आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यातल्या दोन, वेळ लावून, सकाळी आठला बसून दे. दोन्हींत इंग्रजी ६८० च्या पुढे गेलं तर नाव नोंदव. नाही गेलं तर विषय बंद, १३९० घेऊन पुढे चल आणि बोर्डाकडे वळ. परीक्षेची फी परदेशातून शंभर डॉलरच्या वर जाते आणि फीमाफी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी असते, तेव्हा ‘बघू तरी’ म्हणून द्यायची ही परीक्षा नाही.

आणि इंग्रजीत कुठे गुण गेले ते शोध. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मराठी माध्यमाच्या मुलांचं मी जे पाहिलंय ते असं: कठीण शब्द आणि जुन्या गद्याचे उतारे सुधारायला महिने लागतात, पण स्वल्पविराम, अर्धविराम, कर्ता-क्रियापदाचा मेळ, वाक्य कुठे तुटतं आणि कुठे जोडतं, हे नियमाने येतं. आपण संधी-समास पाठ करून वाढलेली माणसं, नियम आपल्याला जड जात नाहीत. व्याकरणाच्या प्रश्नांचा वाटा साधारण पाव भाग असतो. सहा आठवड्यांत वाढण्यासारखं ते एवढंच आहे. वजा गुण नसतात, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नको.

परीक्षेची रचनाही लक्षात ठेव. इंग्रजीचे दोन भाग, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. गणिताचे दोन, प्रत्येकी २२ प्रश्न आणि ३५ मिनिटं. पहिल्या भागात तू कशी सोडवतेस त्यावरून दुसरा भाग अवघड येणार की सोपा ते ठरतं. सोपा आला तर सगळं बरोबर सोडवूनही वरचे गुण गाठता येत नाहीत. म्हणजे सकाळचा पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा, आणि तो इंग्रजीचा असतो. ऑगस्टमध्ये तू रात्रीच्या एसटीने जाऊन पहाटे स्वारगेटला उतरलीस आणि तशीच केंद्रावर गेलीस का? माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तसंच करतात. ६३० चा थोडा हिस्सा त्या रात्रीचाही असेल.

आता जे काम कुणीच सांगत नाही आणि ज्यावर तुझे १३९० खरोखर उभे राहणार आहेत. प्राचार्यांना भेट. अमेरिकेतल्या शाळांत अर्जासाठी समुपदेशक असतो. आपल्या ज्युनिअर कॉलेजात नसतो, ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्यच करतात. अर्जासोबत ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचा एक-दोन पानांचा कागद कॉलेजने द्यायचा असतो. तुझ्या कॉलेजकडे तो तयार नसणार. तू मसुदा कर, सर तपासून सही करतील. त्यात साध्या वाक्यांत लिहा: मंडळ कुठलं, बारावीला विद्यार्थी किती, त्यात मराठी माध्यमातून आलेले किती, खेड्यातून रोज ये-जा करणारे किती, ९० टक्क्यांच्या वर साधारण किती जणांना पडतात, कॉलेजात सॅटची तयारी होते का, आजवर किती जणांनी दिली. उत्तर ‘एकीनेच’ असेल तर तेच लिहा. एवढं वाचल्यावर १३९० हा आकडा त्या माणसाला वेगळा दिसतो. हे काही गाऱ्हाणं नव्हे, त्याला हवी असलेली माहिती आहे. निबंधात मात्र गरिबीचं, एसटीच्या गर्दीचं रडगाणं लिहू नको. बागेबद्दल लिही. छाटणीबद्दल, पाण्याबद्दल, तुला कुठलं यंत्र सुचलंय त्याबद्दल लिही. बाकीचं सरांच्या कागदाला सांगू दे.

ज्या शिक्षकांकडून पत्रं घेशील त्यांना सांग की पत्रात सॅटचा आकडा घालू नये. नाहीतर पाचव्या ठिकाणी तू झाकलास आणि सरांनी कौतुकाने लिहिला, असं व्हायचं. असं झालेलं मी पाहिलंय.

कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटवर, गुण स्वतः भरता येतात आणि पुष्कळ ठिकाणी अर्जाच्या वेळी तेवढं पुरतं. अधिकृत गुण प्रवेश घेताना पाठवायचे. प्रत्येक ठिकाणी पाठवायला शुल्क पडतं, म्हणून कुठे आधीच अधिकृत हवेत ते बघूनच पैसे भर. एक अर्ज गेल्यावर पुढच्यासाठी गुणांचा भाग बदलता येतो. पाचव्या ठिकाणचा अर्ज पाठवण्याआधी तो रिकामा केलाय का ते तपास, आणि ‘गुण विचारात घ्यावेत का’ या त्यांच्या प्रश्नालाही ‘नाही’ दे.

सॅटबरोबर टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी इंग्रजी भाषेची एक परीक्षाही लागेल. ती ऐच्छिक धरू नको. सॅटच्या इंग्रजीचे ठराविक गुण असले तर सूट देणारी काही विद्यापीठं आहेत, पण ती सूट आपल्याला आहे असं गृहीत धरून कुणी थांबू नये. आणि सीईटीचा अर्ज भरायचाच आहे. अमेरिकेचं झालं नाही तर सांगलीतलं वालचंद आहेच, आणि ते कमीपणाचं नाही.

डिसेंबरला जायचं ठरलं तर शुक्रवारी दुपारीच नीघ. पुण्यात नात्यातलं कुणी असेल तर त्यांच्याकडे मुक्काम कर, नसेल तर मला कळव, माझी एक विद्यार्थिनी कोथरूडला राहते, ती तुला ठेवून घेईल. रात्री नऊला दिवा बंद. लॅपटॉप चार्ज करून, चार्जर आणि पासपोर्ट पिशवीत घालून मगच झोप.

— तुझी मॅडम